सायलेन्सर निळा का पडतो? लोहाराच्या भात्यापासून बीएस-६ पर्यंतची गोष्ट

ज्यांना लोकलच्या गर्दीत इयरफोन लावून ऐकणं जमत नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. ऐकला असेल तरी वाचा, कारण आकडे कानातून निसटतात, स्क्रीनवर राहतात.

आज एक छोटं काम करा. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमध्ये राहत असाल तर तुमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा, नाहीतर जिथे राहता तिथल्या. चार-पाच बाइक शोधा ज्यांचा बेंड पाइप उघडा दिसतो. बेंड पाइप म्हणजे इंजिनातून निघून खाली वळणारा आणि मागच्या सायलेन्सरला जाऊन मिळणारा पाइप. आता तो इंजिनाच्या बाजूने मागे बघत या. जुन्या, भरपूर चाललेल्या गाडीवर आधी राखाडीसर निळा दिसेल, मग जांभळा, मग तपकिरी, आणि शेवटी फिकट सोनेरी. जवळपास प्रत्येक गाडीवर हाच क्रम. उलटा क्रम कधीच सापडणार नाही.

या रंगाबद्दल आपल्याकडे दोन मतं आहेत. एक म्हणतं, "पाइप जळला, इंजिन गेलं, ही गाडी घेऊ नको." दुसरं म्हणतं, "काय भारी दिसतंय, असाच पाइप पाहिजे," आणि मग तसा रंग आधीच चढवलेला सायलेन्सर दुकानातून विकत आणतं. सेकंडहँड गाडीच्या व्यवहारात या पहिल्या मतावर हजारो रुपये खालीवर होतात. डिलिव्हरीचं काम सुरू करायला पहिली बाइक घेणाऱ्या पोरासाठी ही रक्कम लहान नसते. म्हणून आजचा प्रश्न: हा रंग नक्की काय सांगतो, आणि तो वाचायला माणूस कधी शिकला?

उत्तर मोटारसायकलच्या शोधापेक्षा खूप जुनं आहे.

स्वयंपाकघरातला पुरावा

आधी रंग येतो कुठून ते बघू. त्यासाठी पार्किंगमधून वर घरी या. स्टीलचं पातेलं उलटं करा. गॅसवर कधी रिकामं तापत राहिलं असेल, तर तळाला सोनेरी-निळी झाक दिसेल. पाइपवर आहे तीच ही गोष्ट. आणि गंमत म्हणजे ते पातेलं कदाचित तुमच्या शेजारच्याच स्टेशनजवळ बनलेलं असेल, कारण भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे छोटे छोटे कारखाने कित्येक वर्षांपासून आहेत. पत्रा कापणं, प्रेसवर दाबून आकार देणं, मग बफिंग मारून चकचकीत करणं, हे काम तिथल्या गाळ्यांमध्ये चालतं.

लोखंड किंवा स्टील तापलं की त्याच्या पृष्ठभागाशी हवेतला ऑक्सिजन जोडला जातो आणि ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, पारदर्शक थर तयार होतो. किती पातळ? काही नॅनोमीटरपासून सुरू होऊन काही दशक नॅनोमीटरपर्यंत. माणसाचा केस साधारण सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा. या थराला स्वतःचा असा रंग फारसा नसतो. प्रकाशाचा काही भाग थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परत येतो, काही भाग आत जाऊन खालच्या धातूवरून परत येतो. हे दोन्ही भाग एकमेकांत मिसळताना काही रंग एकमेकांना मारतात, काही उरतात. थर अगदी पातळ असताना आधी निळा-जांभळा प्रकाश मारला जातो, म्हणून आपल्याला सोनेरी दिसतं. थर वाढला की हिरवा मारला जातो आणि जांभळट दिसतं. अजून वाढला की पिवळा आणि तांबडा जातो आणि निळा उरतो.

पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात पेट्रोलचा थेंब पडला की इंद्रधनुष्य दिसतं ना? तोच हिशोब. फरक एवढाच की पेट्रोलचा थर वाहून जातो, ऑक्साइडचा थर धातूला चिकटून बसतो.

म्हणजे रंग हा थराच्या जाडीचा आकडा आहे, आणि जाडी अवलंबून असते दोन गोष्टींवर: किती तापलं आणि किती वेळ तापलं. तापमान उतरलं तरी थर परत पातळ होत नाही. पाइप थंड झाला तरी त्याने सोसलेली सगळ्यात मोठी उष्णता त्याच्या अंगावर लिहिलेली राहते.

पाणी देणं

आता हा आकडा वाचणारा पहिला माणूस कोण? त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही. तो लोहार होता.

आपल्या गावगाड्यात लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. शेतकऱ्याचा फाळ, विळा, कोयता, कुऱ्हाड, पाथरवटाची छिन्नी, सुताराची पटाशी, सगळं त्याच्या भात्यापाशी जायचं आणि बदल्यात सुगीला त्याला धान्य मिळायचं. त्याच्या कामातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे हत्याराला पाणी देणं. पोलाद लालबुंद तापवून पाण्यात बुडवलं की ते प्रचंड कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. अशा छिन्नीवर घण मारला तर टोकाचा तुकडा उडतो. म्हणून कडकपणा थोडा उतरवावा लागतो, त्यासाठी पुन्हा बेताने तापवावं लागतं. बेताने म्हणजे किती? जास्त झालं तर धार मऊ, कमी झालं तर टवका उडणार. हातात थर्मामीटर नाही. मग?

मग रंग. छिन्नी तापवायची, फक्त टोक पाण्यात बुडवायचं, बाहेर काढून दगडावर पटकन घासून टोक उजळ करायचं आणि थांबायचं. छिन्नीच्या मागच्या भागात अजून उष्णता शिल्लक असते, ती हळूहळू टोकाकडे सरकते. उजळ टोकावर रंग धावत येतात: आधी फिकट सोनेरी, त्यामागे तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पाहिजे तो रंग धारेवर आला की त्या क्षणी सगळं हत्यार पाण्यात. सोनेरीवर थांबलात तर धार कडक राहते, कातायच्या-तासायच्या हत्याराला बरी. जांभळ्यावर थांबलात तर घणाचा मार खाणाऱ्या छिन्नीला बरी. निळ्यापर्यंत जाऊ दिलं तर पोलाद लवचिक होतं, स्प्रिंगला आणि करवतीला बरं.

साध्या कार्बन पोलादासाठी हे रंग आज आपण आकड्यांत सांगू शकतो. फिकट सोनेरी म्हणजे साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअस, तपकिरी २५५ च्या आसपास, जांभळा २८० च्या आसपास, निळा ३०० च्या आसपास. सोनेरीपासून निळ्यापर्यंत फक्त सत्तर-ऐंशी अंशांचा खेळ, आणि तो डोळ्याने, काही सेकंदांत पकडायचा.

आता पार्किंगमधला बेंड पाइप आठवा. निळा, जांभळा, तपकिरी, सोनेरी. छिन्नीवर मागून टोकाकडे हाच क्रम असतो. छिन्नीला मागचा भाग गरम, पाइपला इंजिनाकडचा. बाकी सगळं सारखं.

भाषेतही हे काम उतरलंय. "त्याच्या अंगात पाणी आहे," "पाणीदार गडी," असं आपण म्हणतो. मोत्यालाही पाणी असतं आणि तलवारीलाही. संस्कृतातही हीच कल्पना आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिता' या ग्रंथात तलवारीच्या लक्षणांवर एक प्रकरण आहे. त्यात हत्याराला काय 'पाजावं' याच्या कृती दिल्या आहेत, त्याला शस्त्रपान म्हटलंय. पाण्यापासून तुपापर्यंत आणि घोडी, उंटीण, हत्तीण यांच्या दुधापर्यंत यादी जाते. त्या यादीतलं किती उपयोगी आणि किती श्रद्धेचं, हा वेगळा वाद. पण पोलाद तापवून थंड करणं हे एक शास्त्र आहे आणि ते नोंदवून ठेवलं पाहिजे, हे तेव्हाही कळत होतं. डोळ्याने रंग पकडायचं कसब मात्र बापाकडून पोराकडे भात्यासमोर उभं राहूनच गेलं.

रंगावरून भांडण

युरोपातल्या लोहारांनाही हे येत होतंच. पण तिथे १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने 'मायक्रोग्राफिया' या पुस्तकात हा प्रश्न लेखी विचारला. पाणी दिलेल्या पोलादावर तापताना रंग का येतात? त्याचा अंदाज होता की पोलादावर एक पातळ पारदर्शक पापुद्रा तयार होतो आणि रंग त्याचे आहेत. साबणाच्या फुग्यावर आणि अभ्रकाच्या पापुद्र्यावर दिसणारे रंग त्याने याच रांगेत बसवले. अंदाज जवळपास बरोबर होता. पण प्रकाशाच्या लाटा एकमेकींना मारतात किंवा वाढवतात हे नीट समजावून सांगायला १८०१ च्या सुमारास थॉमस यंग यावा लागला.

तरी भांडण मिटलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही काही शास्त्रज्ञांना शंका होती की हे रंग खरंच थरामुळे आहेत का. या वादात आपला एक ओळखीचा माणूस आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात तापवलेल्या पोलादाच्या रंगांवर एक टिपण लिहिलं. तेव्हा ते कोलकात्यात होते आणि नोबेल मिळायला अजून आठ वर्षं होती. पुढे त्याच दशकात केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी लोखंडावरचा हा पातळ थर धातूपासून वेगळा काढून दाखवला. गंज आणि थर यांचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला. ज्या थरावर लोहार शतकानुशतकं भरवसा ठेवून होता, तो आता वेगळा काढून दाखवता येत होता.

आणि नेमक्या याच दशकात मोटारसायकलच्या दुनियेत क्रोम आलं.

चकचकीत पाइप आणि 'डाग'

सुरुवातीच्या मोटारसायकलींचे चकचकीत भाग निकेलचा मुलामा दिलेले असायचे. निकेल काही दिवसांत पिवळट पडतं, सारखं घासावं लागतं. १९२४ च्या सुमारास अमेरिकेत कॉलिन फिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रोमियमचा मुलामा कारखान्यात भरवशाने देता येईल अशी पद्धत बसवली आणि काही वर्षांत गाड्यांचे बंपर, हँडल, सायलेन्सर आरशासारखे झाले.

इथे रंगाचा अर्थ बदलला. लोहारासाठी रंग म्हणजे माहिती होती. आरशासारख्या पाइपचे पैसे मोजलेल्या मालकासाठी तोच रंग डाग झाला. शोरूममधून आणलेली गाडी, हार घातलेला, लिंबू चिरडलेलं, घरच्यांना आवाज ऐकवायचा म्हणून जागेवर उभ्या उभ्या रेस दिली, आणि संध्याकाळपर्यंत पाइप सोनेरी. मालकाचा चेहरा पडतो. पण उभ्या गाडीला समोरून वारा लागत नाही आणि आपल्याकडच्या बहुतेक बाइक हवेवरच थंड होतात, तेव्हा पाइप तापणारच.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर हा पाइप इथे नजरेत यायला थोडा उशीर झाला. पुण्याच्या आकुर्डीतून बजाजच्या स्कूटर बाहेर पडत होत्या. १९७२ मध्ये चेतक आली आणि मध्यमवर्गाची गाडी झाली. स्कूटरचं इंजिन बाजूच्या पत्र्याआड आणि सायलेन्सर खाली पोटात. रंग बघायला झोपावं लागेल! शिवाय ती टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, त्यामुळे तिच्या मेकॅनिकची डोकेदुखी वेगळी होती: सायलेन्सरच्या आत साचलेला काजळीचा चिकट थर. राजदूत, येझदी, नंतर आरएक्स १००, या सगळ्या टू-स्ट्रोक. त्यांचा सायलेन्सर काढून आत आग लावून काजळी जाळणं किंवा कॉस्टिक सोड्यात बुडवणं हे गॅरेजचं नेहमीचं काम होतं. ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात गॅरेजवर काम केलंय, त्यांना हा वास अजून आठवत असेल. फोर-स्ट्रोक आणि उघडा चकचकीत पाइप हवा असेल तर बुलेट होती, पोलीस आणि लष्कराची.

मग १९८५ मध्ये हीरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली. बजाजने औरंगाबादजवळ वाळूजला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, कारखाना काढला आणि जपानच्या कावासाकीबरोबर मोटारसायकली बनवायला घेतल्या. २००१ मध्ये पल्सर आली आणि तरुणाईने स्कूटरकडे जवळपास पाठ फिरवली. २००९ मध्ये तर बजाजने स्कूटर बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. या पंचवीसेक वर्षांत महाराष्ट्राच्या रस्त्यावर बेंड पाइप पत्र्याआडून बाहेर आला, आणि "पाइप निळा का पडला?" हा प्रश्न नाक्यावरच्या प्रत्येक गॅरेजला रोज ऐकावा लागला.

चांगला मेकॅनिक या प्रश्नाला लोहारासारखंच उत्तर द्यायचा. तो पाइप बघायचा, मग स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघायचा. प्लग पांढरट आणि पाइप मुदतीआधीच गडद निळा असेल, तर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी आणि हवा जास्त जातेय, मिश्रण लीन झालंय. प्लग ठीक असेल तर टायमिंग बघायचं. ठिणगी उशिरा पडत असेल तर पेट्रोल पूर्ण जळायच्या आत एक्झॉस्ट व्हॉल्व उघडतो आणि उरलेली आग थेट पाइपात येते. तेही ठीक असेल तर हेडजवळचं गॅस्केट तपासायचं, तिथून हवा आत ओढली जात असेल तर न जळालेला वायू पाइपातच पेट घेतो. तीन शंका, एक रंग, आणि उत्तर पाच मिनिटांत.

उष्णता कामाची झाली

यानंतरचं वळण पुण्याच्या टेकडीवरून येतं. १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, गाड्यांच्या धुराची चाचणी घेणाऱ्या देशातल्या मुख्य संस्थांपैकी एक. १९९१ पासून भारतात गाडीच्या धुरावर मर्यादा आल्या, २००० मध्ये त्या आणखी कडक झाल्या, मग भारत स्टेजचे टप्पे. धूर स्वच्छ करायचा तर पेट्रोल मोजूनमापून द्यायला हवं. सढळ हाताने पेट्रोल ओतणारे कार्ब्युरेटर गेले, कारखान्यातूनच मिश्रण कडेकडेवर येऊ लागलं आणि पाइप अधिक तापू लागले.

२९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्या विकता येणार नाहीत. आठवतंय ना, शोरूमबाहेरच्या रांगा? दोन दिवसांत माल संपवायचा म्हणून दुचाकींवर कधी नव्हे एवढी सूट मिळाली होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि जवळपास सगळ्या नव्या बाइकवर कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन बसलं.

पाइपात आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. विषारी वायूंचं कमी घातक वायूंत रूपांतर करणारी ही जाळी थंड असताना काम करत नाही. तिला साधारण अडीचशे ते तीनशे अंशांची ऊब लागते. म्हणजे शंभर वर्षं जी उष्णता वाया जाणारी आणि पाइप खराब करणारी होती, ती आता कामाची झाली. म्हणून जाळी इंजिनाच्या जवळ बसवतात, पाइपची उष्णता टिकवतात, आणि वरून काळा रंग किंवा पत्र्याचं कवच घालतात. आत रंग येतच असतील, फक्त आपल्याला दिसत नाहीत. मिश्रण बरोबर आहे की नाही हे पाइपात खुपसलेला ऑक्सिजन सेन्सर सांगतो, आणि बिघाड झाला तर मीटरवर पिवळा दिवा लागतो.

सेन्सर मेकॅनिकच्या डोळ्यापेक्षा अचूक आहे, यात वाद नाही. तो सेकंदात कित्येक वेळा मोजतो. पण त्याचं म्हणणं वाचायला स्कॅनर लागतो. रंग फुकट होता. ज्या छोट्या गॅरेजवाल्याकडे स्कॅनर नाही, त्याच्या हातून नव्या गाड्या हळूहळू निसटतायत. बलुतेदार लोहाराचं जे झालं, ते वेगळ्या वेगाने त्याचंही होतंय. आणि त्याच २०२० सालच्या जानेवारीत चेतक परत आली, इलेक्ट्रिक होऊन. तिला सायलेन्सरच नाही.

विकतचा निळा

दुसरीकडे हाच रंग फॅशन झालाय. रेसिंगच्या बाइकवर टायटॅनियमचे पाइप असतात, ते तापून सुंदर निळे-जांभळे होतात. त्याची नक्कल म्हणून टोकाला आधीच निळा-सोनेरी रंग दिलेले सायलेन्सर विकायला आले. गंमत बघा: खरा पाइप इंजिनाकडे निळा होतो, नकली पाइप धूर बाहेर पडतो त्या टोकाला निळा असतो, जिथे उष्णता सगळ्यात कमी!

दिसण्यापुरतं ठीक आहे, पण असे बरेच सायलेन्सर आतून पोकळ असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२० प्रमाणे गाडीला आवाज रोखणारा सायलेन्सर हवाच. बदललेले सायलेन्सर पोलिसांनी रस्त्यावर मांडून रोडरोलरखाली चिरडल्याचे व्हिडिओ राज्यातल्या अनेक शहरांतून तुम्ही पाहिले असतील. शिवाय बीएस-६ गाडीचा मूळ पाइप काढला की त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही जातो, आणि मग त्या धुराचा त्रास मागच्या रिक्षातल्या माणसाला होतो.

मग वाचायचं कसं?

शेवटी कामाचं बोलू. सेकंडहँड बाइक बघायला गेलात आणि पाइप रंगलेला दिसला, तर हे लक्षात ठेवा.

पहिलं, धातू कोणता ते विचारा. साध्या पोलादावर निळा म्हणजे ३०० अंशांच्या आसपास. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असल्याने थर सावकाश वाढतो. तिथे फिकट पिवळा २९० ला येतो, तपकिरी ३९० ला, आणि निळा ५४० च्या आसपास. क्रोमचा मुलामा असेल तर त्याचा हिशोब आणखी वेगळा. एकच निळा, पण दोन धातूंत अडीचशे अंशांचा फरक. नुसता रंग बघून "इंजिन गेलं" म्हणणारा माणूस अर्धंच वाक्य वाचतोय.

दुसरं, रंग कुठे आहे ते बघा. इंजिनाजवळचे काही इंच निळे आणि पुढे सोनेरी, हे वापरलेल्या फोर-स्ट्रोक गाडीसाठी सामान्य आहे. रोज काशीमिऱ्याच्या सिग्नलला थांबणारी आणि घोडबंदर रोडने गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये रखडणारी गाडी रंगणारच. निळा पाइपभर खूप खालपर्यंत उतरला असेल किंवा दोन सिलिंडरच्या गाडीत एकच पाइप निळा असेल, तर मात्र प्रश्न विचारा आणि प्लग काढून बघा.

तिसरं, पाइप काळा रंगवलेला आहे का आणि मूळचा तसाच होता का, ते त्याच मॉडेलच्या फोटोशी ताडून बघा. रंग लपवायला रंगकाम केलेलं असू शकतं.

चौथं, गंज आणि तापाचा रंग यांत गल्लत करू नका. मीरा-भाईंदर म्हणजे एका बाजूला खाडी, दुसरीकडे समुद्र, मध्ये मिठागरं. खारी हवा क्रोमच्या बारीक भेगांतून आत शिरते आणि आतलं लोखंड खाते. तो गंज खरखरीत, तांबूस, बोटाला लागणारा. तापाचा रंग गुळगुळीत असतो. गंजाने पाइपला भोक पडतं, तापाच्या रंगाने नाही.

पाचवं, रंग घासून काढायचाच असेल तर सांभाळून. शोभेच्या क्रोमचा थर मायक्रॉनच्याही अंशात असतो. रोज पॉलिश मारलंत तर क्रोमच निघून जाईल, आणि रंग पुढच्या राइडला परत येईलच. नवा पाइप असेल तर पहिल्यांदा गाडी सुरू करायच्या आधी तेलकट बोटांचे ठसे पुसून घ्या, नाहीतर ते भाजून कायमचे बसतात.

आणि सहावं, सगळ्यात महत्त्वाचं. पाइपवर सोनेरी रंग यायला दोनशे अंशांच्या वर जावं लागतं. माणसाची कातडी साठ-सत्तर अंशांच्या धातूला काही क्षण टेकली तरी भाजते. म्हणजे पाइप पूर्ण चकचकीत, एकही रंग नसलेला दिसत असतानाही चटका देऊ शकतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरं पकडापकडी खेळतात, त्यांच्या पोटऱ्यांच्या उंचीवर हे पाइप असतात. गाडी लावताना सायलेन्सरची बाजू भिंतीकडे करा. शून्य खर्चाचा उपाय आहे.

तर एवढंच. पाइपवरचा निळा हा इंजिनाचा मृत्यूचा दाखला नाही आणि नुसती शोभाही नाही. ती तापमानाची नोंद आहे, आणि ती वाचायची रीत आपल्या गावातल्या लोहाराला पुस्तकांच्या आधीपासून येत होती. तुमच्या ओळखीत अजून भाता चालवणारा लोहार किंवा प्लगचा रंग बघून गाडी ओळखणारा जुना मेकॅनिक असेल, तर त्यांच्याकडून ते शिकून घ्या. त्यांची परवानगी घेऊन व्हिडिओ करून ठेवा. आणि आम्हाला पाठवा, एका पुढच्या भागात त्यांच्याच तोंडून ऐकू.

भेटू पुढच्या आठवड्यात. हेल्मेट घाला, आणि पाइपला हात लावू नका!